मुंगीची दोन बोटं

मी सूड घेतला. आधीच सांगून टाकते, नाहीतर ऐकता ऐकता तुम्ही मला बिचारी समजायला लागाल, आणि बिचारी म्हटलेलं मला खपत नाही. पूर्ण विचार करून, डोकं थंड ठेवून, चांगला सव्वा महिना वाट बघून घेतला. ज्या बाईवर घेतला तिच्याबद्दल मला आजही तसूभर वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं, ते पुढे येईलच.

मी बोटं बनवते. नकली. बोटं, कान, कधी नाक, कधी अख्खा पंजा. कुणाचा हात यंत्रात गेलेला असतो, कुणाला भाजलेलं असतं, कुणी जन्मालाच तसं आलेलं असतं. साचा घ्यायचा, त्यात सिलिकॉन ओतायचं, आणि मग त्याला त्या माणसाच्या कातडीचा रंग द्यायचा. हे शेवटचं काम माझं. बाकी सगळं शिकवून येतं, रंग मात्र नजरेत असावा लागतो. एकवीस वर्षं हेच करते आहे.

आमच्या कार्यशाळेच्या मालकीणबाईंना सगळे मॅडम म्हणायचे. त्यांची सून चित्रकलेची पदवी घेऊन आली आणि थेट पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. मी आतल्या खोलीत. आत खिडकी नाही, एक पिवळा दिवा. मी कामाला लागले त्याच आठवड्यात मॅडम म्हणाल्या होत्या, "तू पुढे बसलीस ना, की पेशंट जरा बुजतात गं." इतक्या गोड आवाजात म्हणाल्या की मी मान डोलावून 'बरं' म्हटलं. घरी गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे येणारे निम्मे पेशंट माझ्याच काळ्या रंगाचे. ते मला बघून कशाला बुजतील? पण पुढची खोली त्यांच्या बुजण्याची काळजी करायला नव्हतीच.

भिंतीवर रंगांच्या चकत्या टांगलेल्या असायच्या, पेशंटच्या हाताशी लावून बघायला. बारा चकत्या. त्यातल्या दहा गोऱ्या रंगाच्या. दुधासारखा, सायीसारखा, गुलाबी, कोवळा गुलाबी, उन्हात जाऊन आलेला गुलाबी. उरलेल्या दोन 'गडद एक' आणि 'गडद दोन'. म्हणजे त्यांच्यात दहा प्रकारची माणसं जन्माला येतात आणि आमच्यात दोनच. मूळ सिलिकॉनच्या डब्यावर छापलेलं असायचं 'कातडी रंग'. त्या रंगाची कातडी आमच्या अख्ख्या गल्लीत शोधून सापडली नसती. काळ्या माणसाचा हात करायचा म्हणजे त्याच डब्यातला गोरा रंग घ्यायचा आणि त्यात काळे थेंब टाकायचे. झालं आमचं काम.

आता मुंगी. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. काळी म्हणून मुंगी नव्हे हं, तसं समजू नका. लहानपणापासून तिची जी लगबग चाललेली असते त्यावरून. तिसरीत असताना शिकायला म्हणून माझ्याकडे आली ती राहिलीच. माझ्याहून दोन छटा काळी, आणि माझ्याहून दहापट हुशार. बालवाडीत शिकवते. चार वर्षांपूर्वी शाळेचं लोखंडी फाटक वाऱ्याने आपटलं आणि तिच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. सव्वीस वर्षांची पोर.

मी मॅडमना म्हटलं, हिची बोटं मी करते. त्या म्हणाल्या, "घरच्या माणसाचं काम करू नये, हात थरथरतो. सूनबाई करेल." सूनबाईने केलं. त्या दिवशी खिडकीजवळच्या खुर्चीत कुणी गोरे गृहस्थ नकली कान बसवून घ्यायला बसले होते, म्हणून मुंगीला आत आणलं आणि माझ्याच पिवळ्या दिव्याखाली रंग जुळवला. गडद दोन, वर काळे तीन थेंब. दिव्याखाली बोटं इतकी बेमालूम दिसली की मीही फसले. मुंगी नाचत बाहेर रस्त्यावर गेली आणि तिथेच थबकली. उन्हात ती दोन बोटं राखेसारखी दिसत होती. पिवळ्या दिव्याची ही खोड आहे, तो सगळ्यांना ऊब चढवतो. काळा थेंब त्याच्याखाली तपकिरी दिसतो आणि उजेडात आला की मेलेला दिसतो.

मी आत जाऊन मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, हातात हात घेऊन कोण बघत बसतंय? लांबून काही कळत नाही."

बालवाडीतली पोरं लांबून बघत नाहीत. ती हात धरतात. दुसऱ्याच दिवशी एकाने विचारलं, "बाई, तुमची बोटं मेलीत का?" आणि एक चिमुरडी रांगेत तिचा डावा हात धरेना, रडायलाच लागली. मुंगीने बोटं काढून खणात टाकली. तेव्हापासून तिचा डावा हात कायम ओढणीखाली. लग्नकार्यात, बसमध्ये, घरी माझ्यासमोरसुद्धा.

मग मी रविवार धरले. स्वयंपाकघराच्या खिडकीत, सकाळच्या उजेडात, मुंगीचा हात ओट्यावर ठेवायचा आणि कार्यशाळेतून आणलेल्या टाकाऊ तुकड्यांवर रंग लावून बघायचे. तीन वर्षं. कितीतरी चकत्या फुकट गेल्या. शेवटी उमगलं की गोऱ्यात काळं मिसळायचंच नाही. सुरुवातच तांबूस तपकिरीपासून करायची, त्यात नखाएवढा निळा, पेरांच्या घड्यांत गडद, तळव्याची बाजू वेगळी. आमच्या लोकांसाठी अशा एकोणीस कृती मी वहीत लिहिल्या. चौदावी मुंगीची. ती चकती तिच्या हातावर ठेवली की शोधावी लागायची. मुंगी म्हणायची, "मावशी, आता बोटं कधी?" पण अख्खी बोटं करायला चांगलं सिलिकॉन लागतं, ते तापवायचं यंत्र लागतं, आणि ते मॅडमच्या कुलपात. मी दर महिन्याला विचारायची. दर महिन्याला उत्तर 'बघू'.

तेवढ्यात वाचन सुरू झालं.

झालं असं की मोठ्या रुग्णालयाने नवी अट घातली. ज्या संस्थेत सगळ्या वर्णाच्या माणसांना बरोबरीने वागवतात तिलाच काम देणार. मॅडमनी लगोलग एक जाडजूड पुस्तक आणलं, वंशभेदावरचं, विशेषाधिकारावरचं, आणि दर बुधवारी दुपारी खुर्च्या गोल मांडून वाचन ठेवलं. मॅडम वाचायच्या. दोन पानं झाली की त्यांचे डोळे भरायचे, सूनबाई रुमाल द्यायची. मग सगळ्या माना माझ्याकडे वळायच्या. "तू सांग ना, तुला काय काय सोसावं लागलं?"

पहिल्या बुधवारी मी सांगितलं की कपड्यांच्या दुकानात रखवालदार माझ्या मागे मागे फिरतो. अरेरे झालं. मॅडमनी मला मिठी मारली. दुसऱ्या बुधवारी सांगितलं, पेशंट मला बघून विचारतात, "मोठं कुणी नाही का?" पुन्हा अरेरे, पुन्हा मिठी. मग दर बुधवारी एक. माझा साठा संपत आला. एकदा तर मी बहिणीच्या नणंदेचा अपमान माझा म्हणून खपवला. सूनबाई सगळं वहीत टिपून घ्यायची. चार वाजता खुर्च्या उचलल्या की मी आत दिव्याखाली आणि ती खिडकीत.

पण एक कबूल करते, पुस्तक चांगलं होतं. तीच तर पंचाईत. मी ते घरी आणलं, मुंगीने आणि मी मिळून दोनदा वाचलं. त्यात म्हटलं होतं की ज्याला सोय मिळालेली असते त्याला ती सोय दिसत नाही, त्याला वाटतं जग असंच असतं. मुंगीने त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि म्हणाली, "मावशी, तुमच्याकडची ती खिडकीतली खुर्ची कुणी ठरवली गं?" मी पुढच्या बुधवारी नेमकं तेच विचारलं. मॅडम म्हणाल्या, "किती सुंदर मुद्दा! यावर पुढच्या वेळी सविस्तर बोलू." पुढच्या वेळी पुढचं प्रकरण काढलं.

आणि मग मी माती खाल्ली. मुंगीची चकती घेऊन मॅडमकडे गेले. म्हटलं, बघा, हिच्या रंगाची जमली आहे, आता तरी सिलिकॉन द्या. मॅडमनी चकती दिव्याखाली धरली, उलटसुलट करून बघितली, आणि त्यांचे डोळे चमकले. "अशा अजून आहेत?" मी भाबडी, सांगून बसले की एकोणीस आहेत. "अगं मग हे संस्थेचं काम झालं! कार्यशाळेच्या तुकड्यांवर केलंस ना?"

पंधरा दिवसांत पत्रक छापून आलं. 'प्रत्येकाच्या रंगाची बोटं.' खाली लिहिलेलं, 'मॅडम व त्यांच्या सूनबाई यांच्या तीन वर्षांच्या संशोधनातून.' दोघींचे हसरे फोटो. आणि कोपऱ्यात माझा हात. फक्त हात, मनगटापासून पुढे, चकती धरलेला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तरी शांतपणे विचारलं, "माझं नाव?"

"नावाचं काय घेऊन बसलीस गं? आपण सगळे एकच ना? पुस्तकात तेच तर सांगितलंय."

पुस्तक मी दोनदा वाचलं होतं. त्यात तसं कुठेही नव्हतं.

"सोमवारपर्यंत सगळ्या कृती सुवाच्य अक्षरात लिहून दे," त्या म्हणाल्या. "मग मुंगीचं बघू."

मग मुंगीचं बघू. चार वर्षं त्या पोरीचा हात ओढणीखाली, आणि ही बाई तिची बोटं माझ्यापुढे गाजरासारखी धरते! त्या दिवशी मी चालत घरी गेले आणि सगळा रस्ता दात चावत होते. मुंगीला काही सांगितलं नाही.

मी कृती लिहून दिल्या. एकोणीसच्या एकोणीस, सुवाच्य अक्षरात. फक्त त्या खऱ्या नव्हत्या. आठवडाभर आतल्या खोलीत बसून मी दुसऱ्या एकोणीस कृती तयार केल्या, जुन्याच पद्धतीच्या, गोऱ्यात काळे थेंब. पण अशा बेताने की पिवळ्या दिव्याखाली त्या खऱ्यांसारख्या हुबेहूब दिसाव्यात. कुणालाही जमेल असं समजू नका. इतकं बिनचूक खोटं करायला एकवीस वर्षांची नजर लागते.

मॅडमनी त्या दिव्याखाली बघितल्या. सूनबाईने दिव्याखाली बघितल्या. चकत्या करून काचेच्या चौकटीत बसवल्या, दिव्याखाली फोटो काढले. माझ्या टेबलापासून पुढच्या खिडकीपर्यंत अकरा पावलं आहेत. मी मोजली आहेत. महिनाभरात दोघींपैकी एकीने जरी एखादी चकती उचलून अकरा पावलं टाकली असती तर माझं बिंग फुटलं असतं. पण काळा रंग बघायचा तो आत, ही तिथली पद्धत होती आणि पद्धतीवर कुणी विचार करत नाही. बुधवारी वाचन मात्र चालू होतं.

माझा बेत साधा होता. रुग्णालयाची माणसं येणार, नमुने घेऊन जाणार, त्यांच्याकडे उजेडात बघणार, आणि मॅडम तोंडावर आपटणार. मग मी माझी खरी वही घेऊन रुग्णालयात जाणार आणि मुंगीची बोटं तिथेच करणार. मॅडमचं 'बघू' मी चार वर्षं ऐकत होते. ती बाई खरंच काही बघेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

तिने शब्द पाळला. आयुष्यात एकदाच पाळला, आणि तिथेच घात झाला.

गुरुवारी अकराला रुग्णालयाच्या खरेदी अधिकारी बाई आल्या, जाड चष्मा आणि मोजकं बोलणं. सोबत एक डॉक्टर. त्यांना आतल्या खोलीत बसवलं, दिवा लावला. मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुझ्यासाठी एक सरप्राइज आहे हं." आणि पडद्यामागून मुंगी आली.

जुना साचा कपाटात होता. त्यावरून गुपचूप तिची बोटं केली होती, चौदाव्या कृतीने, मी दिलेल्या चौदाव्या कृतीने. सकाळी मला सामान आणायला बाहेर धाडून नऊलाच तिला बोलावून घेतलं होतं. आणि मुंगी ठेवणीतला ड्रेस घालून उभी होती, ओढणी मागे टाकलेली, डावा हात पुढे, पाचही बोटं पसरलेली. "मावशी, बघ!" ती रडत होती आणि हसत होती. चार वर्षांनी मी तिला चार माणसांत हात पसरून उभी राहिलेली बघितलं.

मला त्या घडीला सगळं कळत होतं. 'थांबा' म्हणायचं, काहीतरी निमित्त काढायचं, चक्कर आली म्हणायचं, मुंगीला आतच बाजूला घेऊन कानात सांगायचं. मी तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात मॅडमचं भाषण सुरू झालं. "सकाळी नऊला आली तेव्हापासून या मुलीच्या डोळ्यांत पाणी आहे, हीच आमची पावती. आम्ही वाचलं, अंतर्मुख झालो. आधी आम्हाला ही माणसं दिसतच नव्हती हो. आता बघायला शिकलो." असं म्हणत त्यांनी मुंगीचं मनगट धरलं आणि हात वर उचलून डावीकडे दाखवला, उजवीकडे दाखवला, दुकानात भांडं दाखवतात तसा. मुंगी बिचारी हसतच होती. मग मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पाळला की नाही शब्द? आता तरी हस बाई!"

हस म्हणाली. एकवीस वर्षं आतल्या खोलीत, माझ्या वहीवर तिचा फोटो, माझ्या पोरीचं मनगट तिच्या मुठीत, आणि मला म्हणते हस.

मी हसले. म्हणाले, "बाहेर अंगणात बघू या ना. उन्हात रंग आणखी खुलतो." माझा आवाज त्यांच्याइतकाच गोड निघाला.

"हो, हो, चला ना!" मुंगी म्हणाली आणि सगळ्यांच्या पुढे पळत सुटली.

अंगणात लख्ख ऊन होतं. मुंगीने हात वर केला. मी तिच्याकडे बघत नव्हते. मी मॅडमच्या चेहऱ्याकडे बघत होते, कारण त्या चेहऱ्याची मी सव्वा महिना वाट बघितली होती. आधी हसू तसंच राहिलं, मग डोळे बारीक झाले, मग ओठ सुटले, आणि मग तोंडचं पाणी पळालं. खरं सांगते, गार वाटलं. इतकं गार मला कुठल्याच गोष्टीने कधी वाटलं नव्हतं.

अधिकारी बाईंनी चौकट उन्हात आणायला लावली. एकोणीसच्या एकोणीस चकत्या राखेच्या. त्यांनी चष्मा वर केला. "यातला एकही रंग तुम्ही उजेडात बघितला नव्हता?"

"हिने... या हिने दिलेल्या कृती आहेत!" मॅडम माझ्याकडे बोट दाखवून किंचाळल्या. "हिने मुद्दाम केलंय!"

"माझ्या कशा असतील, मॅडम?" मी म्हणाले. "संशोधन तुमचं ना? पत्रकात छापलंय तुम्हीच."

डॉक्टर पत्रक उलटून बघायला लागले. कृती माझ्या म्हणाव्यात तर चोरी कबूल, आणि त्यांच्या म्हणाव्यात तर ही राख त्यांची. खरं सांगू, इतकी चोख कोंडी मी ठरवलीसुद्धा नव्हती. ती बोनस मिळाली. सूनबाई खाली बघून पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती.

"या मुलीला नऊ वाजता बोलावलंत," अधिकारी बाई म्हणाल्या. "दोन तासांत एकदाही बाहेर नेलं नाहीत?"

मग मी माझ्या पिशवीतून खरी चकती काढली, चौदावी, आणि मुंगीच्या हाताच्या पाठीवर ठेवली. ती दिसेनाशी झाली. डॉक्टर वाकून बघायला लागले. "ही कुणाची?" अधिकारी बाईंनी विचारलं. "माझी," मी म्हणाले, आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदा तो शब्द मी उघड्यावर उच्चारला. मान ताठ झाली माझी.

मग मी मुंगीकडे बघितलं. ती त्या चकतीकडे बघत होती. तीन वर्षं रविवारी ओट्यावर हात ठेवून बसलेली पोर ती, तिला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"मुंगे, अगं, हिने तुला बोलावलंय हे मला कुठे..."

"आत मला बघितलंस तेव्हा कळलं होतं ना?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हणाले, "हो."

"आणि तूच म्हणालीस, बाहेर चला."

मी काहीतरी बोलायला लागले, की हे सगळं तुझ्यासाठीच, या बाईने तुझ्यावर काय वेळ आणली, चार वर्षं माझ्या जिवाची काय तगमग झाली. तिने ऐकून घेतलं नाही. "त्यांचं मला काही वाटत नाही," ती मॅडमकडे न बघताच म्हणाली. "त्या माझ्याकडे बघत नाहीत हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पण मी हात वर केला तेव्हा तूसुद्धा माझ्याकडे बघत नव्हतीस, मावशी. तू त्यांच्या तोंडाकडे बघत होतीस."

तिने ती दोन्ही बोटं ओढून काढली, काचेच्या चौकटीवर ठेवली, चकती माझ्या हातात दिली आणि फाटकातून निघून गेली. तिची शाळा एक वाजता भरते.

पुढचं सगळं माझ्या मनासारखं झालं. काम मॅडमच्या हातून गेलं. त्या गावभर मला सापीण म्हणत फिरतात. म्हणू देत, मला त्या नावाचा त्रास नाही. बुधवारचं वाचन बंद पडलं. पुस्तक माझ्याकडेच आहे, परत मागायची कुणाची छाती झाली नाही. रुग्णालयाने मला तिसऱ्या मजल्यावर खोली दिली, दोन बाजूंनी खिडक्या, दारावर माझं नाव. आता एकोणीस चकत्यांच्या तेवीस झाल्या आहेत. आमच्या रंगाची माणसं आधी खिडकीत बसतात.

मुंगीने शाळेजवळ खोली घेतली. मी कामावर असताना येऊन सामान घेऊन गेली, ओटा पुसून गेली. बहिणीला फोन केला की ती म्हणते, "जरा दम धर गं ताई." मी पुष्कळ विचार केला. मॅडमनी तिचं मनगट धरून तिला चार लोकांत दाखवलं. मी न धरता दाखवलं. एवढाच फरक. त्या पुस्तकात याच्यावरही एक प्रकरण असणार. मी दोनदा वाचलं तेव्हा ते मला दुसऱ्यांबद्दल वाटलं असेल.

तीन महिन्यांनी मंगळवारच्या पेशंटच्या यादीत सातव्या नंबरावर तिचं नाव आलं. रुग्णालयातून रीतसर चिठ्ठी काढून. आली, खिडकीत बसली, हात टेबलावर ठेवला. मी साचा घेतला. पुढच्या मंगळवारी रंग दिला. माझी नजर मला दगा देते की काय असं वाटत होतं, म्हणून तीनदा पुसून पुन्हा लावला. तिने बोटं चढवली आणि जिना उतरून खाली रस्त्यावर गेली. मी वरून बघत होते. भर बाराच्या उन्हात, माणसांच्या येण्याजाण्यात ती उभी होती आणि दोन्ही हात समोर धरून उलटे सुलटे करत होती. कितीतरी वेळ. या वेळी मी दुसरीकडे कुठेच बघितलं नाही.

ती वर आली. मला वाटलं, आता गळ्यात पडेल. निदान हसेल.

"छान झालीत," ती म्हणाली. "तुमचे आभार. पुढच्या तपासणीला कधी येऊ, तुम्ही सांगता का?"

तुम्ही. तिसरीत असल्यापासून जिने मला अगं-तुगंशिवाय हाक मारली नाही, ती पोर मला तुम्ही म्हणाली, आणि वाट बघत उभी राहिली. मी तिला पुढच्या महिन्यातली तारीख लिहून दिली.